राउटरचा पत्ता हरवलाय? आधी हातातल्या फोनला विचारा

चतुर्थीला आठ-दहा दिवस राहिले की आमच्या वाडीतल्या चार-पाच घरांतून मला एकच निरोप येतो, जरा येऊन जा, वायफायचा पासवर्ड बदलायचाय. मुंबईहून चाकरमानी येणार, घरात वीस-बावीस माणसं होणार, गेल्या वर्षी ज्याला त्याला सांगितलेला पासवर्ड आता अख्ख्या वाडीला पाठ झालेला असतो, तो बदलायचा तर राउटरचं सेटिंगचं पान उघडायला लागतं, आणि ते पान उघडायला राउटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे त्याचा आकड्यांतला पत्ता, लागतो जो घरात कोणालाच माहीत नसतो. मालवणजवळ आमच्या शेजारी एक काकी होमस्टे चालवतात, त्यांनी मला पडवीत बोलावून विचारलं, "गो बाय, माका पासवर्ड बदलूचो आसा, पण तो पत्तो खंय गावता?" राउटर उलटा करून बघितला तर खालचा स्टिकर होता, पण चार पावसाळे आणि खारी हवा खाऊन त्यावरची शाई पार उडालेली, नुसते राखाडी डाग.

तर हा लेख त्या काकींसाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी, ज्यांनी आजवर हे कधी केलेलं नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: तुमचा फोन जर त्या वायफायला जोडलेला असेल तर राउटरचा पत्ता त्या फोनला माहीत असतोच, माहीत नसेल तर फोन नेटवर जाऊच शकत नाही. म्हणजे अंदाज लावत बसायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही, आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी तर मुळीच घालायची नाही. फोनमध्ये कुठे बघायचं तेवढं कळलं की काम झालं.

हे असं का ते दोन मिनिटांत सांगते, पुढे उपयोगी पडेल. आपल्या वाडीतून बाहेर कुठेही जायचं, कणकवलीला जा नाहीतर कोल्हापूरला, आधी तिठ्यावर यावं लागतं ना, तसं घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला बाहेरच्या इंटरनेटवर जायला एकच तिठा असतो, तो म्हणजे राउटर. कॉम्प्युटरच्या भाषेत त्या तिठ्याला गेटवे म्हणतात. फोन वायफायला जोडला की राउटर त्याला तीन-चार गोष्टी सांगतो: हा तुझा नंबर, हा माझा नंबर, बाहेर जायचं तर माझ्याकडून जा. हे सांगायच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. तर आपण जो राउटरचा पत्ता शोधतोय तो फोनमध्ये गेटवे ह्या नावाखाली लिहिलेला असतो. आयफोनवाल्यांना राउटर असंच नाव दिसेल.

अँड्रॉइड फोनवर

सेटिंग्ज उघडा, त्यात नेटवर्क किंवा कनेक्शन्स, मग वायफाय. ज्या वायफायला जोडलेले आहात त्याच्या नावासमोर दातेरी चाकाचं चिन्ह किंवा बाण असतो, त्यावर दाबा. खाली सरकत जा, आयपी ॲड्रेस दिसेल आणि त्याच्याच आसपास गेटवे. सॅमसंगमध्ये कधी "व्ह्यू मोअर" दाबावं लागतं, आणि काही सॅमसंग फोनमध्ये "मॅनेज राउटर" असं लिहिलेलंच असतं, ते दाबलं की थेट पानच उघडतं. प्रत्येक कंपनीने हे वेगवेगळ्या ठिकाणी लपवलंय म्हणून तुमच्या फोनवर शब्द थोडे वेगळे असतील तर घाबरू नका, बघून काही बिघडत नाही.

इथे एक चूक बरेच जण करतात. गेटवे कुठे दिसला नाही की कोणीतरी सांगतं, आयपी सेटिंग डीएचसीपीवरून स्टॅटिक (म्हणजे नंबर हाताने भरायचे) कर, म्हणजे रकाने उघडतील. उघडतात खरे, पण बऱ्याच फोनमध्ये त्या रकान्यात पुसट राखाडी अक्षरात १९२.१६८.१.१ असं दिसतं ते तुमच्या राउटरचं नसतं, तो फोन बनवणाऱ्यांनी नुसता नमुना म्हणून ठेवलेला असतो. एका घरी दोन तास लोक तोच नंबर टाकत बसले होते आणि राउटर बिघडला म्हणून ठरवून मोकळे झाले होते. तेव्हा पुसट अक्षरांवर विश्वास नको, आणि काही सेव्ह न करता मागे या.

गेटवे दिसतच नसेल पण फोनचा स्वतःचा आयपी ॲड्रेस दिसत असेल तरी पुष्कळ काम होतं. समजा तो १९२.१६८.२९.३७ आहे, तर पहिले तीन आकडे तसेच ठेवा आणि शेवटचा १ करा, म्हणजे १९२.१६८.२९.१. घरगुती राउटर बहुतेक वेळा शेवटी १ घेऊन बसलेला असतो, क्वचित २५४.

आयफोनवर

सेटिंग्ज, वायफाय, जोडलेल्या नावासमोरचा गोलातला आय, आणि खाली राउटर. एवढंच. काकींच्या मुंबईच्या भाच्याकडे आयफोन होता म्हणून त्यांचं काम पाच सेकंदांत झालं, खरंतर.

कॉम्प्युटरवर

विंडोजवर कीबोर्डवरचं खिडकीचं बटण दाबून धरा आणि आर दाबा, एक छोटी चौकट येईल, तिच्यात सीएमडी ही तीन अक्षरं इंग्रजीत टाकून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. काळी खिडकी बघून माझ्या आईने हात मागे घेतला होता, पण आपण इथे फक्त विचारतोय, बदलत काहीच नाही. तिथे आयपीकॉन्फिग टाका, एकच शब्द, मध्ये जागा नाही, अक्षरं अशी: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. एंटर. भराभरा ओळी येतील. त्यातल्या अर्ध्या खोक्यांखाली "मीडिया डिसकनेक्टेड" असेल, ते सोडून द्या, वायफायने जोडलं असेल तर "वायरलेस लॅन ॲडॅप्टर वायफाय" ह्या मथळ्याखाली बघा, वायरने असेल तर इथरनेट. तिथे "डिफॉल्ट गेटवे" समोर जो नंबर तो तुमचा. कधीकधी तिथे दोन ओळी असतात, वरच्या ओळीत एफई८० ने सुरू होणारं अक्षरं-आकडे मिसळलेलं लांबलचक काहीतरी, ते नव्या पद्धतीचं म्हणजे आयपीव्ही६ चं असतं, आपल्याला त्याच्या खालचा चार आकड्यांचा हवाय.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय, जोडलेल्या नावासमोर डिटेल्स, त्यात टीसीपी-आयपी, तिथे राउटर. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये आयपी, मग स्पेस, मग राउट हे दोन शब्द टाकायचे आणि "डिफॉल्ट व्हाया" च्या पुढे बघायचं.

नंबर मिळाला, तो बरोबर आहे का हे कसं ओळखायचं

चार आकडे, मध्ये तीन टिंबं, आणि कुठलाही आकडा २५५ पेक्षा मोठा नाही. सुरुवात १९२.१६८ ने, किंवा १० ने, किंवा १७२ ने असेल आणि १७२ असेल तर पुढचा आकडा १६ ते ३१ च्या मधला. हे काय गौडबंगाल आहे असं मला पण पहिल्यांदा वाटलेलं. त्याचं असं आहे की ह्या जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ पद्धतीत जगभरात मिळून साधारण ४२९ कोटीच पत्ते होतात, आणि माणसंच ८०० कोटींच्या वर, शिवाय एकेका घरात चार फोन. म्हणून १९९६ साली आरएफसी १९१८ नावाच्या नियमपत्रात ठरवून टाकलं की हे तीन गट कोणीही आपापल्या घरात, ऑफिसात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत. म्हणजे कसं, आमच्या वाडीतलं घर नंबर ७ आणि वेंगुर्ल्यातल्या एखाद्या वाडीतलं घर नंबर ७, नंबर एकच पण गोंधळ होत नाही कारण दोन्ही आपापल्या वाडीपुरते.

ह्यातून आणखी एक गोष्ट कळते. काही जण गुगलवर "माझा आयपी काय" असं शोधतात आणि जो नंबर येतो तो ब्राउझरमध्ये टाकतात, आणि काही उघडत नाही. तो नंबर वाडीच्या बाहेरचा, म्हणजे तुमच्या नेटवाल्याने जगाला दाखवलेला पत्ता असतो, आणि आपल्याकडे पुष्कळदा तर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कितीतरी घरं असतात. आपल्याला हवाय तो आतला. गुगलला तो माहीत नसतो, तुमच्या फोनला असतो.

आणि नंबर जर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर थांबा. तो राउटरने दिलेला नाही. कॉम्प्युटरने राउटरला हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, मग त्याने स्वतःच स्वतःला एक नंबर चिकटवून घेतला, असा त्याचा अर्थ. तेव्हा पत्ता शोधत बसू नका, जोडणी बघा. आमच्याकडे समुद्राला लागून असलेल्या घरांत मी दोनदा बघितलंय, लॅन केबलच्या टोकाच्या पिनांवर हिरवट थर चढलेला, खाऱ्या हवेने. राउटर बंद करून केबल काढायची, दुसरी केबल लावून बघायची, राउटरचं दुसरं भोक वापरून बघायचं, आणि राउटर खिडकीच्या तोंडाशी ठेवला असेल तर आत घ्यायचा.

पान उघडताना

ब्राउझर उघडा आणि अगदी वरच्या पट्टीत नंबर टाका, मधल्या शोधायच्या चौकटीत नाही. इथे मी आकडे मराठीत लिहिलेत पण टाकताना कीबोर्ड इंग्रजी करून इंग्रजी आकडेच टाका, मराठी आकड्यांनी कदाचित नुसता शोध सुरू होईल. टिंबं तीन, शेवटी टिंब नाही. ब्राउझर तरीही शोधायला पळत असेल तर नंबराच्या आधी एचटीटीपी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग दोन तिरप्या रेघा असं टाकून बघा.

शोधायच्या चौकटीत नंबर टाकू नका हे मी एवढं घासून सांगतेय त्याला कारण आहे. शोधलंत की राउटर लॉगिन नावाची खंडीभर पानं येतात, त्यात काही ठिकाणी मदतीचा म्हणून फोन नंबर असतो, आणि त्या नंबरावर बोलणारा माणूस तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो किंवा पैसे मागतो. तुमच्या राउटरचं पान तुमच्या घरातच असतं, नेट बंद असलं तरी उघडतं. म्हणून कुठल्याही पानावरच्या माणसाला ह्यात आणायची गरज नाही.

"हे सुरक्षित नाही" असा इशारा ब्राउझर देईल, कधी लाल रंगात. इथे तो चालतो, कारण घरातल्या डब्याला बाहेरचं प्रमाणपत्र कोण देणार, पण नंबर तोच टाकलाय ना जो फोनमध्ये दिसला होता एवढं पुन्हा बघून घ्या.

फोनवरून उघडताना मोबाइल डेटा बंद करा. हे फार महत्त्वाचं. वायफायला नेट येत नसेल तेव्हा फोन गुपचूप डेटावर जातो, आणि मग तुम्ही टाकलेला नंबर राउटरकडे न जाता टॉवरकडे जातो, पान गोल गोल फिरत राहतं आणि आपण राउटरला दोष देतो. फोनने विचारलं की ह्या वायफायला नेट नाही, तरी जोडलेलं राहू का, तर हो म्हणा. व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच रस्त्याने फिरवून नेणारं ॲप, असेल तर तेही बंद.

फोन जोडलेलाच नाही, किंवा जोडताच येत नाही

वायफायचा पासवर्डच विसरला असेल तर लॅन केबल हा सरळ रस्ता. एक टोक राउटरच्या लॅन लिहिलेल्या भोकात, एक लॅपटॉपमध्ये, मग वरचीच काळी खिडकी. वॅन लिहिलेलं किंवा वेगळ्या रंगाचं भोक सोडून द्या, ते नेट आत यायचं आहे.

केबल नाही, लॅपटॉप नाही, मग कंपनीने मुळात ठेवलेला पत्ता वापरून बघायचा. डी-लिंक आणि टेंडाचे बहुतेक राउटर १९२.१६८.०.१ वर, टीपी-लिंकचे १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर, नेटगिअर १९२.१६८.१.१, शाओमीचे १९२.१६८.३१.१, मायक्रोटिकचे १९२.१६८.८८.१, जिओफायबर १९२.१६८.२९.१. नेटवाला जो फायबरचा डबा लावून देतो, ज्याला ओएनटी म्हणतात, त्यातले खूपसे १९२.१६८.१.१ वर असतात आणि हुआवेचे १९२.१६८.१००.१ वर. पण बघा, १९२.१६८ ह्या एकाच गटात ६५,५३६ पत्ते होतात आणि बसवणाऱ्याने त्यातला कुठलाही ठेवलेला असू शकतो, म्हणून ही यादी पाच मिनिटं वापरायची, नाही जमलं तर सोडायची. अख्खी दुपार नंबर टाकत बसायचं नाही. आणि हो, अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट घेऊन हे बघत असाल तर जो गेटवे दिसेल तो त्या हॉटस्पॉट देणाऱ्या फोनचा, आयफोनच्या हॉटस्पॉटला तो १७२.२०.१०.१ असा दिसतो, तो तुमच्या घरच्या राउटरचा नव्हे.

घरात दोन डबे असतील तर

आता खरा गुंता. आणि आमच्याकडे हा गुंता घरोघरी आहे, कारण जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाडजूड, फायबर येते पुढच्या पडवीत, तिथल्या डब्याचं वायफाय माजघरापर्यंत कसंबसं पोचतं आणि मागच्या न्हाणीघराजवळ शून्य. मग लोक मुंबईहून येताना दुसरा राउटर घेऊन येतात, पडवीतून केबल ओढून तो आत लावतात. काकींकडे तर पाहुण्यांच्या खोल्यांसाठी तिसरा होता.

आता तुमचा फोन आतल्या राउटरला जोडलेला आहे. गेटवे बघितला. तो नंबर कोणाचा? दोन शक्यता. आतला डबा पूर्ण राउटर म्हणून चालत असेल तर दिसलेला नंबर त्याचाच, आणि पडवीतल्या डब्याचा नंबर हवा असेल तर पडवीत जाऊन तिथल्या वायफायला फोन जोडून पुन्हा बघायचं. पण आतला डबा जर एपी मोडमध्ये, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला ठेवला असेल, तर फोन आत जोडलेला असूनही गेटवे म्हणून पडवीतल्याचाच नंबर दिसतो, आणि आतला डबा काम करतोय पण त्याचा पत्ता कुठेच नाही, अशी गत. काकींच्या तिसऱ्या डब्याचं तेच झालं होतं, त्या म्हणत होत्या मी पासवर्ड बदलला तरी पाहुण्यांच्या खोल्यांत जुनाच चालतो, आणि चालणारच, कारण त्यांनी बदललेला पडवीतल्या डब्याचा.

असा लपलेला डबा शोधायला पहिल्यांदा मुख्य राउटरचं पान उघडा आणि डीएचसीपी क्लायंट लिस्ट किंवा कनेक्टेड डिव्हाइसेस असं काही असेल तिथे जा. घरातल्या सगळ्या जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते, प्रत्येकीसमोर आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस. मॅक ॲड्रेस म्हणजे बारा अक्षरांचा कारखान्यातून आलेला नंबर, त्यातली पहिली सहा बनवणारी कंपनी सांगतात. डब्याच्या बुडाला तो छापलेला असतो, शाई टिकली असेल तर जुळवून बघा. यादीत फोनांची नावं मात्र विचित्र दिसतील, कारण हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला मुद्दाम खोटा मॅक ॲड्रेस दाखवतात, त्यात कोणी परका घुसला असं लगेच समजू नका. सोपी युक्ती सांगू का, यादी बघा, मग आतल्या डब्याची पिन काढा, दोन मिनिटांनी यादी परत बघा, जे नाव गेलं ते त्याचं, मात्र त्या डब्याला जोडलेले फोनही यादीतून जातील म्हणून आधी तिथे कोणी नाही ना ते बघा. काही राउटर गेलेलं नाव बराच वेळ तसंच ठेवतात, तेव्हा थोडी वाट बघायची.

दुसरा मार्ग फिंग नावाचं ॲप, फोनवर टाकायचं, त्या वायफायला जोडून स्कॅन करायचं, एकेका वस्तूचा पत्ता येतो आणि बऱ्याचदा कंपनीचं नावही.

आणि तरीही नाही सापडला तर? काकींचा नाही सापडला. बसवणाऱ्याने तो केबलने जोडला होता, त्याचं डीएचसीपी बंद केलं होतं, पण त्याचा मूळचा पत्ता बदललाच नव्हता. घरातलं सगळं १९२.१६८.१ च्या गटात आणि हा बाबा एकटा १९२.१६८.०.१ वर बसलेला. गट, म्हणजे इथे पहिले तीन आकडे, वेगळा असला की कुठल्याच यादीत तो येत नाही. मग असं केलं, आणि हे नीट वाचा कारण ह्यात एक गोष्ट शेवटी परत फिरवायची असते:

डब्याला पडवीतून येणारी केबल काढली, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, लॅपटॉप आणि डबा ह्यांच्यात एकच केबल. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, इथरनेट, तिथे आयपी असाइनमेंटसमोर एडिट, ऑटोमॅटिकचं मॅन्युअल केलं, आयपीव्ही४ चालू. आयपी ॲड्रेस टाकला १९२.१६८.०.५०, म्हणजे डब्याच्याच गटातला पण डब्याचा सोडून. मास्क, म्हणजे गट केवढा ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०, काही विंडोजमध्ये त्या जागी २४ लिहायचं असतं. गेटवे १९२.१६८.०.१. सेव्ह. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं आणि पान उघडलं, काकी टाळी वाजवायच्या बाकी होत्या. तिथे त्याचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे आता तो घरच्या गटात आला आणि मुख्याच्या १ शी टक्करही नाही. हा बदलण्याआधी फक्त बघून घ्या की मुख्य राउटर २ नंबर कोणा फोनला देत नाही ना, त्याच्या डीएचसीपीच्या पानावर कुठून कुठपर्यंत नंबर वाटायचे ते लिहिलेलं असतं. आणि शेवटी, लॅपटॉपची सेटिंग परत ऑटोमॅटिक करायची, ही राहिली तर दुसऱ्या दिवशी त्या केबलवर नेट येणार नाही आणि नवीनच शोधाशोध सुरू होईल.

ह्याच कारणाने दोन राउटरना एकच पत्ता कधी ठेवू नका. दोघंही १९२.१६८.१.१ म्हणाले की पान एकदा ह्याचं उघडतं, एकदा त्याचं, नाहीतर कोणाचंच नाही.

टाचणीबद्दल

रिसेटचं भोक. दहा सेकंद टाचणी दाबली की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, पत्ता मूळचा, पासवर्ड मूळचा, आणि लोकांना वाटतं चला सुटलो. पण नेटवाल्याने आत भरलेलं सगळंही जातं, पीपीपीओई म्हणून जे युजरनेम-पासवर्ड असतात ते, कुठे व्हीलॅनचा (नेटवाल्याच्या जाळ्यातल्या वेगळ्या वाटेचा) नंबर असतो तो, फायबरच्या डब्यात आणखी नोंदणीचं काही. ते परत भरल्याशिवाय नेट येत नाही आणि ते तुमच्याकडे लिहिलेलं नसतं. एका घरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलाने टाचणी घातली, गणपतीच्या वरची माटवी बांधायची गडबड चालू होती, कोणाचं लक्ष नव्हतं. केबलवाला स्वतःच्या घरच्या गणपतीत, फोन लागला तो चौथ्या दिवशी. घरात एका मुलीची परदेशी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, ती शेजाऱ्यांच्या खळ्यात बसून द्यावी लागली बिचारीला.

म्हणून रिसेट अगदी शेवटी, आणि त्याआधी नेटवाल्याला फोन करून युजरनेम-पासवर्ड कागदावर उतरवून घ्या, तो देत नसेल तर तो हजर असतानाच करा. नुसता बंद-चालू करायचा असेल तर पिन काढा, तीस सेकंद थांबा, लावा. ह्यात काही पुसलं जात नाही. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की आम्ही पिन काढतोच, त्याने सेटिंग जात नाही, निर्धास्त काढा.

पान उघडलं, ते युजरनेम विचारतंय

पत्ता आणि पासवर्ड ह्या दोन वेगळ्या गोष्टी. वायफायचा पासवर्ड इथे सहसा चालत नाही, इथला वेगळा असतो, ॲडमिनचा. बुडाच्या स्टिकरवर असतो, जुन्या राउटरना ॲडमिन-ॲडमिन. चालत नसेल तर बसवणाऱ्याने बदललाय, त्याला विचारा, डबा तुमच्या घरात आहे, विचारण्यात काही चुकीचं नाही. सारखा सारखा अंदाज टाकत राहिलात तर काही राउटर थोडा वेळ कुलूप लावून बसतात.

होमस्टेवाल्यांना मात्र हे कळकळीने सांगते. तुम्ही वर जे केलंत, फोन उघडून गेटवे बघितला, ते तुमचा प्रत्येक पाहुणा करू शकतो, पाच सेकंदांत. पत्ता लपवता येत नाही आणि लपवायची गरजही नाही. पण तिथे ॲडमिन-ॲडमिन तसंच ठेवलं असेल तर खोलीतल्या कोणालाही तुमचं नेट बदलता येईल, तुमचे फोन चुकीच्या जागी वळवता येतील, आणि तुम्ही त्याच वायफायवर बँकेचं ॲप उघडता. म्हणून आत गेलात की वायफायच्या पासवर्डआधी तो ॲडमिनचा पासवर्ड बदला, आणि गेस्ट नेटवर्क नावाची सोय असेल तर पाहुण्यांना तेच द्या, त्यावरून राउटरचं पान सहसा उघडत नाही. काकींनी दोन्ही केलं.

मग सगळं लिहून ठेवायचं: प्रत्येक डब्याचा पत्ता, ॲडमिनचा पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम, नेटवाल्याचा फोन, आणि कुठला डबा कुठे आहे. कालनिर्णयाच्या मागे लिहू नका, वर्ष संपलं की ते रद्दीत जातं. डब्यावर लिहू नका, खारी हवा आहेच, शिवाय पाहुणे वाचतात. काकींनी बॉलपेनने जाड कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तांदळाच्या डब्यात ठेवलाय, लाइट बिलाच्या पावत्यांबरोबर, तिथे दमट लागत नाही.